लिमरिकचा वीर पॅट्रिक सार्सफील्ड

आयर्लंड देशांत शॅनन नदीच्या कांठीं लिमरिक नांवाचें जुनें शहर आहे. तेथील थॉमंड पुलाजवळ एका चौथऱ्यावर एक ओबडधोबड दगड बसविलेला आहे. १६९१ सालच्या लिमरिकच्या तहावर ह्याच दगडावर सह्या झाल्या, अशी लोकांची समजूत आहे. ज्या सरदारानें तो तह केला त्याचें नांव आयर्लंडांत लहान मुलांनाही ठाऊक असतें; आपल्याकडे मात्र तें फारसें ऐकूं येत नाहीं. म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

पॅट्रिक सार्सफील्ड ह्याचा जन्म १६५५ च्या सुमारास झाला. त्याचें घराणें डब्लिनजवळच्या लूकन येथील जमीनदारांचें. ते मूळचे इंग्लंडांतून आलेले, पण धर्मानें रोमन कॅथॉलिक होते. त्याची आई रोरी ओमोर ह्याची कन्या, आणि हा ओमोर म्हणजे १६४१ च्या मोठ्या बंडाचा एक प्रमुख सूत्रधार होय. त्या बंडांत आणि त्यामागून आलेल्या क्रॉमवेलच्या स्वारींत दोन्ही पक्षांकडून निःशस्त्र माणसांच्या कत्तली झाल्या, आणि अखेरीस कॅथॉलिकांची बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली. एकदां शस्त्र खालीं ठेवल्यावर जिंकणाऱ्याच्या शब्दावांचून दुसरा आधार राहत नाहीं, हें त्या देशांत कोणास नव्यानें शिकविण्याची गरज नव्हती.

तरुणपणीं सार्सफील्डनें फ्रान्सच्या सैन्यांत नोकरी करून युद्धकला आत्मसात केली. पुढें तो जेम्स राजाच्या पदरीं आला आणि १६८५ मध्यें सेजमूरच्या लढाईंत जखमी झाला. १६८८ त इंग्लंडांत राज्यक्रांति होऊन कॅथॉलिक जेम्सच्या जागीं प्रॉटेस्टंट विल्यम राजा आला. जेम्स फ्रान्सला पळाला व दुसऱ्या वर्षीं फ्रेंचांच्या साहाय्यानें आयर्लंडांत उतरला; सार्सफील्ड त्याच्याबरोबर होता. ह्या लढ्यास इंग्रज बंड म्हणत. आयरिश कॅथॉलिकांच्या मतें ते आपल्या हक्काच्या राजासाठीं लढत होते.

१ जुलै १६९० रोजीं बॉइन नदीवर जेम्सचा पराभव झाला आणि हा राजा पुन्हां फ्रान्सला निघून गेला. सैन्य मात्र हटत हटत लिमरिकला येऊन राहिलें. तेथील तटबंदी इतकी जीर्ण होती कीं, ती टिकणारी नव्हे असें म्हणून फ्रेंच सेनापति आपली पलटण घेऊन गॉलवेकडे गेला. विल्यम स्वतः वेढा घालून बसला होता. त्याच्या मोठ्या तोफा तेवढ्या मागून येत होत्या. ही बातमी सार्सफील्डला लागली. ऑगस्टच्या एका रात्रीं सुमारें ६०० घोडेस्वार घेऊन तो निघाला. होगन नांवाचा एक वाटाड्या त्या मुलखाची पायवाट न् पायवाट जाणत होता. त्याच्या मागोमाग हे स्वार किलालूच्या वरच्या बाजूस नदी उतरून डोंगरांत शिरले, दिवसभर लपून राहिले, आणि दुसऱ्या रात्रीं बॅलिनीटी येथें त्या तोफखान्यावर तुटून पडले. तोफांत दारू ठासून त्यांचीं तोंडें जमिनींत पुरलीं आणि एकदम बत्ती दिली. त्या स्फोटाचा आवाज विल्यमच्या छावणींत ऐकूं गेला म्हणतात. झोपेंत असलेले गाडीवानही त्या धुमश्चक्रींत मारले गेले, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें दुसऱ्या तोफा आणून विल्यमनें तटास खिंडार पाडलें; पण शहरांतील स्त्रियासुद्धां दगडधोंडे घेऊन लढल्या, आणि विल्यमला वेढा उठवावा लागला.

दुसऱ्या वर्षीं दैव फिरलें. जुलै १६९१ मध्यें ऑक्रिमच्या रणांगणावर आयरिश सैन्याचा फ्रेंच सेनापति सँ-रूथ तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. त्यानें आपला बेत कोणास सांगितला नव्हता. सार्सफील्ड राखीव घोडदळासह मागें उभाच राहिला आणि हजारों माणसें पडलीं. विल्यमचा डच सेनापति गिंकेल ह्यानें लिमरिकला पुन्हां वेढा घातला. सप्टेंबरांत थॉमंड पुलावर शत्रु चालून आला तेव्हां एका फ्रेंच अंमलदारानें भीतीनें पुलाची फळी वेळेपूर्वींच उचलली, आणि बाहेर राहिलेले शेंकडों आयरिश शिपाई कापले गेले किंवा नदींत बुडाले. तेव्हां सार्सफील्डनें बोलणें लावलें.

३ ऑक्टोबर १६९१ रोजीं तह झाला. ज्या सैनिकांस फ्रान्सला जावयाचें असेल त्यांनीं बायकामुलांसह जावें, जहाजें गिंकेलनें पुरवावीं. कॅथॉलिकांस दुसऱ्या चार्ल्सच्या काळीं होती तेवढी धर्माची मोकळीक असावी. शरण आलेल्यांच्या जमिनी त्यांजकडे राहाव्या. आणि राजनिष्ठेच्या साध्या शपथेखेरीज दुसरी शपथ त्यांजवर लादूं नये, अशीं त्यांतील मुख्य कलमें होतीं. थोड्याच दिवसांनीं शॅननच्या मुखांत फ्रेंच आरमार मदत घेऊन येऊन दाखल झालें! तरीही आयरिश पक्षानें तह मोडला नाहीं.

डिसेंबरांत कॉर्क बंदरांतून शेवटचीं जहाजें निघालीं. सैनिकांस कुटुंबें बरोबर नेण्याचें वचन मिळालें होतें, पण गर्दींत अनेक स्त्रिया व मुलें धक्क्यावरच राहिलीं. कित्येक स्त्रियांनीं निघालेल्या होड्यांचे दोर धरले आणि त्या पाण्यांत बुडाल्या. हें वचन सार्सफील्डच्या बाजूचें होतें, आणि त्याच्या चरित्रावरील हा डाग त्याच्या चाहत्यांनींही झांकूं नये. शिवाय १०,००० हून अधिक शिपाई देशाबाहेर गेल्यावर तहाचीं बाकीचीं कलमें पाळून घेणार कोण, हा प्रश्न उरलाच होता.

सार्सफील्ड फ्रान्सच्या राजाच्या सेवेंत शिरला आणि जुलै १६९३ मध्यें लँडेनच्या लढाईंत छातींत गोळी लागून थोड्याच दिवसांनीं ह्यूई गांवीं वारला. त्याच्यासारख्या आयरिश घराण्यांची दुसरी पिढीही फ्रान्ससाठींच लढली. आपल्याकडे वांदिवाश येथें १७६० त पराभूत झालेला काउंट लाली अशाच एका आयरिश सरदाराचा मुलगा. आणि गंमत अशी कीं, त्यास हरविणारा आयर कूट लिमरिक परगण्यांतच जन्मलेला होता.

इकडे तहाची काय गत झाली? तह होऊन तीन महिनेही लोटले नव्हते तोंच इंग्लंडच्या पार्लमेंटनें आयरिश पार्लमेंटच्या सभासदांवर अशी शपथ लादली कीं, ती कॅथॉलिकास घेतांच येऊं नये. विल्यमची वासना स्वच्छ होती असें दिसतें. तहाच्या प्रतींतून गळलेलें एक वाक्य त्यानें स्वतः परत घालविलें. परंतु डब्लिनच्या पार्लमेंटांत ज्यांचा डोळा त्या जमिनींवर होता तेच बसलेले. १६९५ मध्यें कॅथॉलिकांस शस्त्र बाळगण्यास व मुलांस परदेशीं शिकविण्यास बंदी झाली. १६९७ त त्यांच्या बिशपांस हद्दपार करण्यांत आलें. त्याच वर्षीं तहास मंजुरी दिली, ती धर्माचें कलम व राजानें परत घातलेलें तें वाक्य दोन्ही वगळून! १७०४ मध्यें कॅथॉलिकांस जमीन विकत घेण्याची मनाई करणारें बिल आलें. त्या वेळीं सर टोबी बटलर हा वयस्क वकील विरोध करण्यासाठीं सभागृहापुढें उभा राहिला. १६९१ च्या तहांत सार्सफील्डच्या बाजूनें ज्यांचीं नांवें आहेत त्यांपैकीं तो एक होता. त्यानें तहाचीं कलमें एकेक करून सभासदांस समजावून सांगितलीं. त्यांनीं तीं ऐकून घेतलीं आणि बिल मंजूर केलें.