हिशेबनीस ते कारखानदार

हिशेब शिकलेल्याने यंत्राला हात लावू नये आणि यंत्र जाणणाऱ्याने खातेवही उघडू नये, अशी वाटणी आपल्या समाजात रूढ आहे. इटलीचे नामवंत मोटारशर्यतपटू व्हिन्चेन्झो लान्चा यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक ठरते.

१८८१ मध्ये जन्मलेले लान्चा तूरिन येथील चेइरानो यांच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले. परंतु त्यांचे मन यंत्रांतच रमे. १८९९ मध्ये फियाटने तो कारखाना घेतला आणि लान्चा मोटारींच्या चाचण्या घेऊ लागले. पुढे फियाटच्या वतीने ते शर्यतींत उतरले. १९०५ मध्ये फ्रान्समधील गॉर्डन बेनेट शर्यतीत ते आघाडीवर असताना रेडिएटर निकामी झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट चषकाच्या शर्यतीत दुसऱ्या मोटारीशी टक्कर होऊन हाती आलेला विजय निसटला.

१९०६ मध्ये क्लाउदिओ फोगोलिन या सहकाऱ्यासह त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. १९२२ च्या त्यांच्या ‘लाम्ब्दा’ मोटारीत वेगळ्या चौकटीऐवजी पोलादी सांगाडाच सारा भार पेलत असे आणि पुढील चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा होत्या. शर्यतपटूचे ज्ञान अशा रीतीने सामान्य प्रवाशाच्या कामी आले. १९३७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते निधन पावले.

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीकडे वऱ्हाडातील पदवीधर केवळ नोकरीच्या आशेने पाहतो. आपल्या महाविद्यालयांनी ती वाटणी मोडल्याखेरीज तेथे कारखाना काढण्याचे धाडस त्याच्या अंगी येणार नाही.