फिनियस गेज

आमचे जुन्नर व आंबेगांव हे तालुके काळ्या खडकाचे आहेत. येथें विहीर खणावयाची म्हणजे थोड्याच मातीखालीं पत्थर लागतो व तो फोडण्यास सुरुंग लावावा लागतो. खडकास भोंक पाडावयाचें, त्यांत दारू भरावयाची, वर वाळू घालून ती पहारेनें ठासावयाची आणि वात पेटवून दूर व्हावयाचें, हा जुना क्रम आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस तरी ठाऊक असेल. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज सादर करीत आहों, तो हेंच काम करीत असे. तो राजा नव्हता, पंडित नव्हता, वीरहि नव्हता. तथापि पावणेदोनशें वर्षें लोटलीं तरी वैद्यकाच्या ग्रंथांत त्याचें नांव कायम आहे.

फिनियस गेज याचा जन्म १८२३ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू हॅम्पशायर येथें झाला. वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो शेजारच्या व्हरमाँट संस्थानांत लोहमार्गाच्या कामावर एका टोळीचा मुकादम होता. शरीरानें धट्टाकट्टा, व्यवहारांत चोख, मनानें शांत आणि हातीं घेतलेलें काम तडीस नेणारा अशी त्याची ख्याति होती. दारू ठासण्यासाठीं त्यानें एक खास पहार करवून घेतली होती. तिची लांबी साडेतीन फुटांहून किंचित् अधिक व वजन सुमारें सहा किलो असून तिचें एक टोंक निमुळतें होतें.

आपल्याकडे मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली. त्याच्या पांच वर्षें आधीं, १३ सप्टेंबर १८४८ रोजीं, कॅव्हेंडिश गांवाजवळ गेज खडक फोडवीत होता. सायंकाळचे साडेचार झाले होते. भोंकांत दारू पडली होती, पण वाळू घालावयाची राहिली होती. इतक्यांत त्यानें मागें मान वळविली आणि पहार खडकावर आपटून ठिणगी पडली. क्षणार्धांत ती पहार त्याच्या डाव्या गालांतून शिरली आणि मेंदूचा पुढील भाग फोडून, टाळूंतून बाहेर पडून सुमारें ऐंशी फुटांवर जाऊन पडली.

सर्वांस वाटलें, गेज संपला. परंतु कांहीं मिनिटांतच तो बोलूं लागला व बैलगाडींत ताठ बसून पाऊण मैलावरील आपल्या बिऱ्हाडीं गेला. तेथें जॉन हार्लो नामक तरुण डॉक्टरानें त्याची शुश्रूषा हातीं घेतली. जंतूंमुळें जखम चिघळते हें ज्ञान त्या काळीं वैद्यांसहि नव्हतें. जखमेंत पू झाला, रोगी बेशुद्धीच्या काठावर गेला. तेव्हां हार्लोनें पू काढून टाकिला व रात्रंदिवस लक्ष ठेवून त्यास वांचविलें. सुमारें दहा आठवड्यांनीं गेज आपल्या घरीं परतला. डावा डोळा गेला, परंतु हातपाय व वाचा शाबूत होती.

आतां खरी कथा येथून पुढें आहे. जखम भरली, पण माणूस पालटला. जो शांत होता तो उतावळा व हट्टी झाला. तोंडीं शिव्या येऊं लागल्या. दहा बेत करावे आणि एकहि तडीस नेऊं नये, असें होऊं लागलें. हितोपदेश त्यास खपेना. ज्या मालकांस तो पूर्वीं इतका प्रिय, त्यांनींच त्यास पुन्हां कामावर घेतलें नाहीं. स्नेह्यांस वाटे, हा कोणी दुसराच गृहस्थ आहे.

यांत गेजचा दोष तो कोणता? मेंदूच्या पुढील भागाकडे मनास आवर घालणें, पुढचा विचार करणें व योग्यायोग्य पाहणें हीं कामें असतात. घोडा धडधाकट असला तरी लगाम तुटल्यावर तो भलतीकडे धांवतो, तसें त्याचें झालें. स्वभाव म्हणून ज्यास आपण म्हणतों, त्याचाहि आधार शरीरांत असतो, ही गोष्ट त्याच्या दुःखामुळें जगास उमगूं लागली.

पुढें कांहीं काळ गेज ती पहार हातीं घेऊन लोकांस आपणांस दाखवीत फिरला. मग त्यानें एका तबेल्यांत नोकरी धरली. १८५२ सालीं तो दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत गेला व तेथें सहा घोड्यांची उतारूंची गाडी हांकूं लागला. पहांटे उठून घोडे जुंपावे, उतारूंशीं सभ्यपणें बोलावें, ठरल्या वेळीं ठरल्या वाटेनें जावें, असा त्याचा नेम सुमारें सात वर्षें चालला. या नियमित कामानेंच त्याचें बिघडलेलें मन पुष्कळ सांवरलें असावें, असें अलीकडील संशोधकांचें मत आहे. १८५९ सालीं प्रकृति ढासळल्यानें तो सॅन फ्रान्सिस्को येथें आईपाशीं आला. पुढें त्यास झटके येऊं लागले व २१ मे १८६० रोजीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तो वारला. त्याची कवटी व पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयांत जतन केलेली आहे.

हें चरित्र आम्ही केवळ नवल म्हणून सांगत नाहीं. नाशिक-पुणें रस्त्यावर मोटारसायकलीवरून, झाडावरून किंवा माळ्यावरून पडून डोक्यास मार लागलेलीं माणसें आपल्याहि गांवांत असतात. टांके सुकतात, आणि मग घरांत कुरकुर सुरू होते कीं हा आळशी झाला, विसराळू झाला, उगाच चिडतो, रात्रीं झोंपत नाहीं. कोणी म्हणतो माजला, कोणी म्हणतो बाहेरची बाधा झाली, आणि त्यास देवऋषीकडे नेतात. भूत उतरविण्याच्या निमित्तानें मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. अशा माणसास मेंदूच्या व मनोविकारांच्या डॉक्टरांस दाखवावें. झटके, खिन्नता व निद्रानाश यांवर औषधें आहेत. स्मृति व वाचा यांस शिकवणीनें पुन्हां वळण लावतां येतें. घरच्यांनीं दिवसाचा क्रम ठराविक ठेवावा, कामें एका वेळीं एक व थोडींथोडीं द्यावीं, लक्षांत ठेवण्याच्या गोष्टी वहींत लिहून ठेवाव्या आणि त्यास दारूपासून दूर ठेवावें. सर्वच पूर्ववत् होतात असें नाहीं. सुधारणेस महिनेच नव्हे, वर्षेंहि लागतात. मार लागतांच वारंवार ओकारी, वाढती गुंगी किंवा झटका दिसला, तर मात्र घटकाभरहि न थांबतां रुग्णालय गांठावें.

विद्यार्थिमित्रहो, दुचाकीवर शिरस्त्राण घालावयास विसरूं नका. आणि तुमचा एखादा सोबती अशा दुखण्यांतून उठून पुन्हां वर्गांत आला, धडा विसरूं लागला, क्षुल्लक गोष्टीवरून रागावूं लागला, तर त्यास वेडा म्हणून हिणवूं नका. त्याच्या शेजारीं बसा आणि राहिलेला धडा त्यास दोन वेळां समजावून सांगा.