घराणं लाकडी जहाजांचं, पण अर्देशीर वाडिया ३१ व्या वर्षी वाफेचं इंजिन शिकायला लंडनला गेले

लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो कोण? बहुतेक जण रामानुजन यांचं नाव घेतात. पण रामानुजन १९१८ मध्ये निवडून आले. त्यांच्या ७७ वर्षं आधी हा मान एका मुंबईकराला मिळाला होता. हा मुंबईकर गणितज्ञ नव्हता, तर गोदीत काम करणारा इंजिनिअर होता. त्यांचं नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

आज एखाद्याला ओशन इंजिनिअरिंग किंवा मरीन इंजिनिअरिंगमध्ये पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, तर प्रवेश परीक्षा, स्कॉलरशिप, व्हिसा अशी सगळी वाट ठरलेली असते. अर्देशीर यांच्या काळात अशी कुठलीच वाट नव्हती.

त्यांचा जन्म १८०८ चा. घराणं जहाजबांधणीतलं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि तेव्हापासून मुंबईची गोदी या घराण्याच्या हाताखाली वाढली. सागवानी लाकडाची वाडियांची जहाजं इतकी टिकाऊ, की १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं त्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला बघायला मिळतं. अर्देशीर १४ व्या वर्षी याच गोदीत दाखल झाले. पुढचं आयुष्य ठरल्यासारखंच होतं.

मग आली वाफ.

१८२९ मध्ये मुंबईच्या गोदीतून ह्यू लिंडसे ही आगबोट पाण्यात उतरली. २० मार्च १८३० ला ती सुएझकडे निघाली. कोळसा ठेवायला जागा पुरेना, म्हणून केबिन आणि डेकवरही कोळसा भरला होता. तरी ती पोहोचली. शिडाचं जहाज वाऱ्याच्या भरवशावर असतं. आगबोटीला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही हे सगळ्यांना दिसलं.

अडचण अशी, की वाडियांचं कसब होतं लाकडात आणि आता बोटीचा जीव लोखंडात गेला होता. समुद्रावरचं इंजिन सांभाळणं जमिनीवरच्या इंजिनाहून जास्त अवघड होतं. त्या काळी बोटीच्या बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी वापरायचे. पाण्याची वाफ व्हायची आणि मीठ आत साचायचं. खारट पाणी वेळोवेळी बाहेर सोडलं नाही, तर मिठाचा थर जमून बॉयलरचे पत्रे जळायचे. भर समुद्रात असं झालं तर मेकॅनिक कुठून आणणार? म्हणजे बोट बांधणं एक आणि तिचं इंजिन चालतं ठेवणं वेगळं. हे दुसरं काम इंग्लंडहून आलेल्या माणसांकडे होतं.

अर्देशीर यांनी हे काम आधी मुंबईतच शिकायला सुरुवात केली. १८३३ मध्ये त्यांनी इंडस नावाची ६० टनांची बोट बांधून तिला वाफेचं इंजिन बसवलं. १८३४ मध्ये त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवली, आणि ते बघायला खुद्द मुंबईचे गव्हर्नर आले. (आज याला आपण होम लॅब म्हटलं असतं.)

एवढं येत असतानाही १८३९ मध्ये, ३१ व्या वर्षी ते इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा व्हायला अजून ३० वर्षं होती. त्यामुळे बोटीने सुएझ, तिथून वाळवंट तुडवत जमिनीवरून भूमध्य समुद्र, मग पुन्हा बोट असा प्रवास होता. त्यांचे नातलग जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी जहाजबांधणी शिकायला आधीच तिथे गेले होते. अर्देशीर यांचा विषय मात्र वाफेचं यंत्र होता. या प्रवासाची त्यांची डायरी १८४० मध्ये लंडनला छापून आली.

या शिक्षणातून डिग्री मिळाली नाही, पण नोकरी मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर आणि यंत्रसामग्रीचे इन्स्पेक्टर नेमलं. पगार महिना ६०० रुपये. १ एप्रिल १८४१ ला त्यांनी सूत्रं हाती घेतली.

आणि इथेच खरी ठिणगी पडली. या कारखान्यात इंग्रज कामगार होते, आणि त्यांना हुकूम देणार एक पारशी माणूस! मुंबईतल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने उघडच शंका घेतली, की नेटिव्ह माणूस कितीही शिकलेला असला तरी त्याला इंग्रज कामगारांवर देखरेख जमेल का. म्हणजे हरकत ज्ञानावर नव्हतीच.

२७ मे १८४१ ला रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. कारणांमध्ये जहाजबांधणीतलं ज्ञान, मुंबईतले गॅसचे दिवे आणि ती ६० टनांची बोट होती. एक मात्र खरं, त्या काळी सोसायटीचे दरवाजे बरेच सैल होते, नियम कडक झाले १८४७ मध्ये. त्यामुळे रामानुजन यांच्या फेलोशिपशी याची थेट तुलना करता येत नाही. तरीही वर्तमानपत्रात त्यांच्या लायकीवर प्रश्न विचारले जात असतानाच हा शिक्का आला होता.

ते १८५७ पर्यंत या पदावर राहिले. मध्ये १८४९ मध्ये अमेरिकेला जाऊन त्यांनी लाकूड कापायची यंत्रं मुंबईच्या गोदीसाठी आणली. १८५१ मध्ये लवजी फॅमिली ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे सुटे भाग अर्देशीर यांच्या घरच्या फाउंड्रीत तयार झाले होते. ज्या यंत्रांसाठी इंग्लंडकडे बघावं लागायचं, ती आता मुंबईत घडत होती. बोटीला नाव मात्र त्यांनी घराण्याचंच दिलं.

१८६१ मध्ये ते सिंधू नदीवरच्या बोटींच्या ताफ्याचे इंजिनिअर म्हणून सिंधमधल्या कोटरीला गेले. दोन वर्षांनी ती नोकरी सोडून ते इंग्लंडमध्ये रिचमंडला राहायला गेले. १६ नोव्हेंबर १८७७ ला तिथेच त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट काढलं. तारीख निवडली होती २७ मे.