सुईच्या टोकाशी नेढे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी शिवणवर्गातर्फे काहीतरी लिहून द्यावे, असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा दुपटी, पिशव्या आणि अभ्रे यांची मापे लिहून द्यावी आणि मोकळे व्हावे असा माझा बेत होता. परंतु मध्यंतरी वर्गात एक लहानशी गोष्ट घडली आणि बेत बदलला. नव्याने आलेल्या एका मुलीने, हे यंत्र मुळात कोणी काढले, असे सहज विचारले. चारपाचजणींनी एकदम सिंगरचे नाव घेतले. त्यांना काय म्हणून दोष द्यावा? कित्येक वर्षे माझीही तीच समजूत होती.

ही समजूत थोरामोठ्यांचीही होती. 1924 साली गांधीजींना कोणी विचारले की, आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून वगळले. बायकोला तासन् तास हाताने टाके घालीत बसलेली पाहून सिंगरला तिची कणव आली आणि त्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र रचले, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. कथा गोड आहे आणि बरीचशी खरीही आहे. फक्त ती सिंगरची नव्हे. ती एलियस हौ नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन कारागिराची आहे, आणि तिचा शेवट तितका गोड नाही. ती आपल्या भगिनींना ठाऊक असावी म्हणून हा प्रपंच.

एलियस हौचा जन्म 9 जुलै 1819 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्पेन्सर या गावी झाला. बाप शेतकरी, शेतीच्या जोडीला त्याची लहानशी गिरणी होती. घरात पोरे पुष्कळ, तेव्हा प्रत्येकाने हातभार लावावयाचा. कापूस पिंजण्याच्या यंत्राला चामड्याचे पट्टे लागत आणि त्या पट्ट्यांत तारेचे बारीक दात बसवावे लागत. सहा वर्षांचा एलियस भावंडांबरोबर हे काम करी. प्रकृतीने तो नाजूक होता आणि एका पायाने थोडा अधू. शेतीची मेहनत त्याला झेपण्यासारखी नव्हती. 1835 साली तो लोवेल या गावी कापडगिरण्यांची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. दोन वर्षांनी मंदी आली, गिरण्या बंद पडल्या आणि तो केंब्रिजला गेला. तेथे पुढे एरी डेव्हिस नावाच्या कारागिराच्या हाताखाली त्याला काम मिळाले. या डेव्हिसच्या दुकानात नाना तऱ्हेची नाजूक उपकरणे तयार होत. शिवण्याचे यंत्र जो करील तो श्रीमंत होईल, असे बोलणे एलियसने तेथेच ऐकले.

1841 साली त्याचे एलिझाबेथ हिच्याशी लग्न झाले. लवकरच तीन मुले झाली. आठवड्याला नऊ डॉलर पगार, आणि प्रकृती अशी की कामावरून आला की अंथरुणावर आडवा होई. पुष्कळदा जेवण्याचेही त्राण नसे. पगार पुरेना, तेव्हा एलिझाबेथने लोकांचे शिवण घरी आणावयास सुरुवात केली. मुले निजली की ती दिव्यापाशी बसे आणि रात्री उशिरापर्यंत शिवी. त्या काळी पुरुषाचा एक चांगला सदरा हाताने शिवावयास चौदा तासांहून अधिक वेळ लागे. त्याची मजुरी किती मिळत असेल, हे ज्या बायांनी दुसऱ्यांचे शिवून संसार चालविला आहे त्यांना सांगावयास नको.

एलियस अंथरुणावर पडून बायकोचा हात पाहत असे. सुई आत जाते, बाहेर येते, दोरा ओढला जातो, हात वर जातो, पुन्हा खाली येतो. हाच हात लोखंडाचा करता येईल काय, याचा त्याला ध्यास लागला. प्रथम त्याने दोन्ही बाजूंना टोक आणि मधोमध नेढे अशी सुई केली. ती कापडातून आरपार जाई आणि परत येई. वर्षभर खटपट केली, पण टाका धड पडेना. मग 1844 साली त्याच्या ध्यानात आले की, हाताची नक्कल करणे हीच चूक आहे. यंत्राने यंत्राच्याच पद्धतीने शिवावे. आपल्या हातच्या सुईचे नेढे मागच्या बाजूला असते. त्याने ते पुढे, अगदी टोकाजवळ आणले. सुई कापडात शिरली की दोऱ्याचा फास खाली जातो. लहानपणापासून मागाजवळ वावरलेल्या माणसाला पुढचे सुचणे कठीण नव्हते. विणकराचा धोटा जसा ताण्यातून पळतो तसा एक लहानसा धोटा त्या फासातून दुसरा दोरा घेऊन जातो. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. आज आपल्या वर्गातील प्रत्येक यंत्र असेच चालते. धोट्याची जागा बॉबिनने घेतली इतकेच. टोकाला भोके असलेले भाले स्वप्नात दिसले आणि त्यावरून त्याला ही युक्ती सुचली, अशीही एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो. बायकोच्या हाताकडे पाहत काढलेल्या रात्री मात्र खऱ्या आहेत.

युक्ती सुचली, पण पैसा कोठे होता? जॉर्ज फिशर नावाचा त्याचा एक शाळासोबती लाकूड-कोळशाचा व्यापार करी. त्याने निम्म्या वाट्याच्या बोलीवर पाचशे डॉलर दिले आणि हौच्या कुटुंबाला आपल्या घरी ठेवून घेतले. माळ्यावर काम सुरू झाले. एप्रिल 1845 मध्ये यंत्राने पहिली टीप घातली आणि जुलैपर्यंत त्यावर लोकरी कपड्यांचे दोन पूर्ण जोड शिवून झाले, एक फिशरसाठी आणि एक स्वतःसाठी. मग बॉस्टनमधील एका मोठ्या शिलाई-कारखान्यात त्याने यंत्र नेऊन मांडले. पाच चलाख शिवणाऱ्या बायांना एकेक शिवण दिली आणि त्याने एकट्याने पाच घेतल्या. मिनिटाला अडीचशे टाके घालीत यंत्राने त्या पाचजणींच्या आधी काम संपविले. पाहणाऱ्यांनी वाहवा केली, परंतु यंत्र एकानेही विकत घेतले नाही. किंमत तीनशे डॉलरच्या घरात, आणि यामुळे शिंप्यांच्या पोटावर पाय येईल ही भीती. ती भीती पोकळ नव्हती. पॅरिसमध्ये थिमॉनिए नावाच्या शिंप्याने यंत्रे केली, तेव्हा 1831 साली चिडलेल्या जमावाने त्याचा कारखानाच फोडला होता. अमेरिकेत वॉल्टर हंट याने हौच्या दहा वर्षे आधी असेच यंत्र तयार केले होते. पण त्याच्या मुलीने, हातावर पोट असलेल्या शिवणकरणींचे यामुळे काय होईल या विचाराने ते वापरावयाचे नाकारले, असे सांगतात. हंटने मग त्याचे पेटंटच घेतले नाही.

हौला 10 सप्टेंबर 1846 रोजी पेटंट मिळाले. पण घरात पेटंट असून चूल पेटत नाही. त्याचा भाऊ अमासा यंत्र घेऊन लंडनला गेला आणि विल्यम थॉमस नावाच्या कारखानदाराला ते यंत्र व त्याचे इंग्लंडमधील हक्क अडीचशे पौंडांना देऊन बसला. थॉमसने एलियसला आठवड्याला तीन पौंडांवर बोलावून घेतले, म्हणून 1847 साली तो गेला. मागून बायको-मुलेही गेली. कामाचे यंत्र हाती आल्यावर मालकाला कारागिराची गरज उरली नाही. खटके उडाले आणि नोकरी गेली. परक्या देशात उपासमारीची पाळी आली, तेव्हा त्याने कसेबसे पैसे उभे करून एलिझाबेथला आणि मुलांना पुढे घरी पाठविले. स्वतःच्या परतीसाठी ते पहिले यंत्र आणि पेटंटचे कागद गहाण टाकले.

एप्रिल 1849 मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा त्याच्या खिशात अर्धा क्राऊन होता. थोड्याच दिवसांत निरोप आला की एलिझाबेथला क्षय झाला असून ती शेवटच्या घटका मोजीत आहे. केंब्रिजला जाण्याइतके भाडेही त्याच्यापाशी नव्हते. बापाने दहा डॉलर पाठविले तेव्हा तो निघाला. भेट झाली, एवढेच समाधान. तिला पोचविताना घालावयास धड कपडे नव्हते. मेहुण्याचे कपडे मागून घेतले होते. पुढे काही दिवसांतच, घरातील किडूकमिडूक सामान घेऊन येणारे जहाज फुटल्याची बातमी आली.

इथे माझा हात थांबतो. जिच्या हाताकडे पाहून यंत्र सुचले, तिच्या दारी ते यंत्र सुख घेऊन कधी आलेच नाही.

पुढील हकीकत थोडक्यात सांगते. हौ विलायतेत असताना इकडे अनेकांनी तशीच यंत्रे करून विकावयास काढली होती. आयझॅक सिंगर त्यांतला सर्वांत हुशार. उभी सुई, पायाने चालणारे पायटे, आणि 1856 पासून हप्त्याने विक्री, यांमुळे यंत्र सामान्य घरात शिरले. त्याबद्दल सिंगरचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु टोकाशी नेढे असलेली सुई आणि धोट्याची टीप ही हौच्या पेटंटातली होती. त्याने दावे लावले आणि 1854 साली निकाल त्याच्या बाजूने लागला. सिंगरला पंधरा हजार डॉलर मोजावे लागले. 1856 साली मुख्य कारखानदारांनी आपसात करार केला आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे हौला पाच डॉलर मिळू लागले. 1860 नंतर हा दर एक डॉलरवर आला, तरी एकंदर कमाई वीस लाख डॉलरच्या आसपास गेली. यादवी युद्धात त्याने पलटण उभी करण्यास पैसा दिला आणि 1862 साली स्वतः त्या पलटणीत साधा शिपाई म्हणून दाखल झाला. सरकारकडून पगार थकला तेव्हा सैनिकांना त्याने पदरचे पैसे दिले. उपासाची ओळख असलेल्या माणसाला हे सुचते. 3 ऑक्टोबर 1867 रोजी, पेटंटची मुदत संपली त्याच वर्षी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो ब्रुकलिन येथे वारला.

आता आपल्या वर्गाकडे येते. हौचे पहिले यंत्र आजच्या यंत्रापुढे अगदीच अडाणी होते. कापड एका पट्टीवरील टाचण्यांना उभे टांगावयाचे. पट्टी सरके तेवढीच शिवण होई. पट्टी संपली की कापड काढून पुन्हा टाचावे लागे. गळा, बाही, वळण यांतले काही जमत नसे; फक्त सरळ टीप. नव्या मुली वर्गात येतात आणि पहिल्याच दिवशी ब्लाऊज शिकवा म्हणतात, तेव्हा मला या यंत्राची आठवण होते. सरळ टिपेवर पुष्कळ काही होते. बाजाराची पिशवी, रुमाल, दुपटे, आणि सर्वांत सोपा म्हणजे बिनबटणाचा अभ्रा.

ज्यांना करावयाचा असेल त्यांच्यासाठी माप देते. उशी 16 इंच रुंद व 24 इंच लांब असेल तर 17 इंच रुंद आणि 56 इंच लांब असे एकच सुती कापड घ्यावे. कापड आधी भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे आटत नाही. दोन्ही आखूड कडा एकेक इंच आत दुमडून टीप घालावी. कापडाची सुलट बाजू वर ठेवून एका टोकाकडील 24 इंच त्यावर घडी करावी. दुसऱ्या टोकाला 6 इंचांची पट्टी उरेल. ती या घडीवर पालथी घालावी. दोन्ही बाजूंना अर्धा इंच आत टीप घालून अभ्रा उलटावा. पट्टी आत जाते आणि उशीचे तोंड झाकते. एकूण चार सरळ टिपा. यंत्र नसेल तर हाताने उलटी टीप घालावी. ती बारीक घातली तर यंत्राच्या टिपेला हार जात नाही. एका कोपऱ्यात साखळीटाक्याने नाव किंवा एखादे फूल काढले की लग्नाच्या किंवा बारशाच्या आहेरात द्यावयास ही जोडी फार शोभते. विकतच्या वस्तूत आपला वेळ नसतो. शिवलेल्या वस्तूत तो असतो आणि घेणाऱ्याला तो दिसतो.

याच वेळेसंबंधी शेवटी एक विनंती आहे. चौदा तासांचा सदरा यंत्राने सव्वा तासावर आणला, हे खरे. पण वाचलेले तास प्रत्येकीच्या पदरात पडले असे नाही. आपल्या आळीत आजही कोणी ना कोणी रात्री मुले निजल्यावर दुसऱ्यांचे शिवीत बसते. आपण भाजीवालीशी घासाघीस करतो तशीच तिच्याशीही करतो. अस्तर लावून दे, फॉल तेवढा असाच लावून दे, पैसे पुढच्या महिन्यात घे, असे सहज म्हणून जातो. घरी चार टिपा स्वतः घालून पाहिल्या की त्या फॉलला किती वेळ लागतो हे कळते. माझ्या मते शिवणवर्गाचा पहिला उपयोग हाच आहे. कपडे शिवता येणे हा दुसरा.

एलियस हौने बायकोच्या श्रमाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले, म्हणून जगाला शिवणयंत्र मिळाले. आपल्याला यंत्र शोधावयाचे नाही; तेवढे पाहावयाचे मात्र आहे. तेव्हा पुढच्या वेळी शिवणाऱ्या बाईकडे कपडे आणावयास जाल, तेव्हा तिची मजुरी हातावर ठेवूनच कपडे उचला. एलिझाबेथचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.