विश्लेषण : ‘एम.ए.’च्या प्रबंधापासून वर्णभेदाच्या खटल्यापर्यंत… मॅमी क्लार्क कोण होत्या?

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या मॅमी फिप्स हॉवर्ड विद्यापीठात गेल्या त्या गणित शिकायला. तेथे भेटलेल्या केनेथ क्लार्क (पुढे तेच पती) यांच्या सांगण्यावरून त्या मानसशास्त्राकडे वळल्या. शाळेत जाण्याआधीच्या वयातील कृष्णवर्णीय मुलांना स्वत:च्या वर्णाची जाणीव कशी होते, हा त्यांच्या १९३९ मधील एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. त्याच कामातून पुढे बाहुल्यांची प्रसिद्ध चाचणी आली. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. तरी बहुतांश कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली.

कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.चे त्यांचे मार्गदर्शक होते हेन्री गॅरेट, वर्णभेदाचे उघड समर्थक! पदवी मिळाली, शिक्षणाला साजेशी नोकरी मात्र मिळेना. अखेर १९४६ मध्ये क्लार्क दाम्पत्याने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुलांसाठी मानसोपचार केंद्र काढले. व्हर्जिनियातील खटल्यात गॅरेट यांनी वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष दिली, तेव्हा ती खोडून काढायला मॅमी न्यायालयात उभ्या राहिल्या. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या तळटीपेत नाव आले ते मात्र केनेथ यांचे.