कासवांचा कैवारी

आर्ची कार यांचा जन्म १९०९ साली अमेरिकेत झाला. ते फ्लॉरिडा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवीत. सागरी कासवे अंडी घालून कोठे जातात, हे त्या काळी शास्त्रज्ञांनाही नीट ठाऊक नव्हते. हे कोडे कार यांना कोस्टा रिका देशातील तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. तेथे हिरव्या कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालावयास येत. माणसे त्यांना उताणी पाडीत आणि मांसासाठी नेत. हा संहार असाच चालला, तर कासवांचा वंश बुडेल, हे कार यांनी ओळखले.

१९५५ साली त्यांनी माद्यांना धातूचे क्रमांकित बिल्ले लावण्यास प्रारंभ केला. बिल्ला परत धाडणारास बक्षीस मिळे. दूरदूरच्या कोळ्यांकडून आलेल्या बिल्ल्यांवरून कासवांचा प्रवास उलगडू लागला. काही वर्षांनी तीच मादी पुन्हा त्याच किनाऱ्यावर येते, हेही दिसून आले.

१९५६ साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने अनेकांची मने हेलावली. १९५९ साली कासवांच्या रक्षणासाठी संस्था निघाली आणि १९७५ साली तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यान झाले. १९८७ साली कार निवर्तले. पण त्यांचे कार्य थांबले नाही. देशोदेशींचे प्रवासी तेथे स्वयंसेवक म्हणून राहतात, काळोखात कोसच्या कोस चालतात, अंडी मोजतात, बिल्ले लावतात. मुक्या जीवाचे रक्षण करावयाचे, तर आधी त्याचे जीवन जाणून घ्यावे लागते, हाच कार यांनी घालून दिलेला धडा होय.