शिक्षण कीं घोकंपट्टी ?

व्यापारांत मुरलेला गृहस्थ माल पारखल्यावांचून घेत नाहीं. पण आपल्या मुलाच्या शिक्षणाची पारख मात्र तो मुलास किती पाठ म्हणतां येतें एवढ्यावरच करितो, हें आम्हांस मोठें विपरीत वाटतें. अशा गृहस्थांपुढें आज आम्ही कै. गिजुभाई बधेका यांचें चरित्र ठेवितों.

गिजुभाईंचा जन्म सन १८८५ सालीं काठेवाडांत झाला. तरुणपणीं ते उदरनिर्वाहार्थ पूर्व आफ्रिकेंत गेले. परत आल्यावर कायद्याचा अभ्यास करून वकील झाले. सन १९१३ सालीं त्यांस पुत्र झाला, आणि त्यास शिकवावें कसें या चिंतेनें ते शिक्षणाचे ग्रंथ वाचूं लागले. मॉंटेसरीबाईंचे विचार त्यांच्या मनांत ठसले. सन १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत दाखल झाले, व सन १९२० सालीं तेथें त्यांनीं बालमंदिर काढिलें. छडीचें भय नाहीं, बक्षिसाची लालूच नाहीं. गोष्टी, खेळ, नाटक व हातांनीं करावयाचीं कामें हेंच तेथील शिक्षण होतें. लोक त्यांस प्रेमानें मिशाळ आई म्हणूं लागले !

परंतु परीक्षेचें काय, असें आमचे वाचक विचारतील. हा आक्षेप गिजुभाईंसही ठाऊक होता. त्यांच्या दिवास्वप्न या पुस्तकांतील कल्पित शिक्षक चौथीचा वर्ग हातीं घेतो, तो वर्षअखेरच्या परीक्षेची अट मान्य करूनच. आरंभीं तो केवळ गोष्टी सांगतो, सहकारी हंसतात, पण गोष्टींतून मुलांस वाचनाची गोडी लागते, व मग शिकविणें सोपें होतें. पाढे नकोत असें आम्हीही म्हणत नाहीं. अर्थावांचून पाठ केलेला पाढा व्यवहारांत अडतो, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

गिजुभाई सन १९३९ सालीं वारले. पण त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें हेंच कार्य पुढें चालविलें, आणि तें महाराष्ट्राचें झालें. त्यास वर्षें लोटलीं, तरी घोकंपट्टी आमच्या घरांतून गेली नाहीं. एका वकिलानें आपला धंदा सोडून जें केलें, त्याचा शतांश तरी आम्हांस घरबसल्या करितां येईल. दुकानांत बसलेलें मूल तराजूचें पारडें खालीं कां जातें म्हणून विचारील, तेव्हां त्यास गप्प बसवूं नये. तराजूच त्याच्या हातीं द्यावा.